डिपॉझिट घेणारा घरमालक नव्हताच

पुण्यात नव्याने घर शोधत असाल तर हे वाचा. आमचे डिपॉझिटचे ७५ हजार गेले, आणि ते घेणारा माणूस त्या घराचा मालक नव्हता. तोही तिथे आमच्यासारखाच भाडेकरू होता.

नवऱ्याची बदली हिंजवडीला झाली म्हणून आम्ही लातूरहून आलो. वाकडला टू बीएचके मिळाला, भाडं २२ हजार. आजूबाजूच्या भावापेक्षा जरा कमी, पण त्याचं कारण त्या गृहस्थांनी न विचारताच सांगितलं: "मला फॅमिलीच हवी, म्हणून दोन हजार सोडतोय." मध्ये ब्रोकर नाही, म्हणजे दलालीही वाचली. वॉचमन त्यांना सलाम करायचा, भिंतीवर त्यांच्या मुलीचे फोटो होते. पैसे पाठवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "माझं यूपीआयचं लिमिट संपलंय, मिसेसच्या नंबरवर टाका."

करार ५०० रुपयांच्या स्टँप पेपरवर, नोटरीचा. "अकरा महिन्यांचाच तर आहे, रजिस्टर कशाला करायचा?" हे वाक्य कुणी तुमच्यासमोर म्हटलं की तिथेच थांबा. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक काळ वापरायला देण्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदणीची जबाबदारीही कायद्याने मालकावर टाकली आहे. खर्चाचा बाऊ उगाच करतात: शहरात नोंदणी फी १००० रुपये, मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर (आणि डिपॉझिटचं धरलेलं व्याज मिळवून) ०.२५ टक्के. आमच्या व्यवहारात ते सहा-सातशे रुपयांच्या आसपास झालं असतं. खरी अडचण खर्चाची नव्हती. नोंदणीला आधार लागतं, अंगठा आणि फोटो द्यावा लागतो, आणि ते त्यांना नको होतं.

मात्र नोंदणी झाली म्हणजे मालकी कुणीतरी तपासली, असं समजू नका. ती आपणच बघायची. मालकाकडे त्याच्या खरेदीखताचा इंडेक्स टू मागा, म्हणजे घर कुणी कुणाकडून घेतलं ते दाखवणारा नोंदणी कार्यालयाचा उतारा. नुसत्या लाइट बिलावर जाऊ नका, कारण ते कित्येकदा बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावरच राहिलेलं असतं. सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल जास्त उपयोगी, आणि त्याहून सरळ म्हणजे सेक्रेटरींना जाऊन विचारणं. वॉचमनला विचारून काही कळत नाही. रोज गाडी लावतो तो त्याच्या लेखी साहेबच. मालक परदेशात असेल तर त्याच्या वतीने सही करणाऱ्याकडचं कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी) बघा. आणि इंडेक्स टूवर जे नाव, त्याच नावाच्या बँक खात्यात डिपॉझिट. मिसेस, मेहुणा, पार्टनर कुणी नाही. टोकनसुद्धा नाही.

आम्हाला हे कळलं ते खऱ्या मालकांचे भाऊ दारात उभे राहिले तेव्हा. "तुम्ही कोण?" आमच्या 'मालकांचा' करार संपला होता आणि त्यात पोटभाडेकरू ठेवायला मनाई होती. तोवर दर महिन्याचं भाडं आम्ही या 'मालकांनाच' देत होतो. त्यांचा फोन लगेच बंद झाला. भाऊ तसे भले निघाले, दुसरं घर मिळेपर्यंत राहू दिलं. त्यांनाही थकलेलं लाइट बिल भरावं लागलंच होतं.

पोलिसांत आधी "ही दिवाणी बाब आहे" असं ऐकावं लागलं. वकिलांनी तक्रार नव्याने लिहून दिली: मालक नसताना मालक असल्याचं भासवून पैसे घेतले, म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, फसवणूक. व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं, यूपीआयच्या पावत्या आणि नोटरीचा कागद सोबत जोडला, तेव्हा गुन्हा दाखल झाला. म्हणून घराबद्दलचं बोलणं शक्यतो लेखी ठेवा आणि रोख देऊ नका. पैसे अजून मिळालेले नाहीत.

नव्या घराच्या वेळी इंडेक्स टू मागितला तर ब्रोकरने तोंड वाकडं केलं. मालकीणबाईंनी मात्र तो लगेच पाठवला, शिवाय पावतीसह मेंटेनन्सचं बिलही.