ग्वाल्हेरच्या थंडीसाठी स्वेटर: मेरिनो, ॲक्रिलिक की मिश्र लोकर?

जानेवारीत इथे पहाटे पारा ४-५ अंशांवर उतरतो, धुक्यात समोरचं घर दिसत नाही, आणि दुपारी ऊन निघालं की तोच स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. त्यामुळे "सगळ्यात उबदार लोकर कोणती?" या प्रश्नापाशी थांबून चालत नाही. स्वेटर कोण घालणार, तो कुठे बसणार आणि धुणार कोण, हे आधी ठरवा. धागा त्यावरून ठरतो.

स्वेटरचे नमुने बसवणं हाच माझा व्यवसाय. या मोसमात व्ही गळ्याचा, बिनबाह्यांचा एकच नमुना मी वेगवेगळ्या धाग्यांत विणला. खाली आणि गळ्याला दोन सुलट-दोन उलट पट्टी, बाकी अंग साधं. नमुना तोच असला की धाग्याचा स्वभाव लगेच उघडा पडतो.

मेरिनोपासून, म्हणजे मेरिनो जातीच्या मेंढीच्या मऊ लोकरीपासून सुरुवात करते, कारण माझा कल तिकडेच आहे. तिचा तंतू साधारण २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास जाड असतो, म्हणून मानेला टोचत नाही. ३० च्या वरचे तंतू खाजवतात. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ ३० टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि तो ओलावा शोषताना थोडी ऊब बाहेर टाकते. डिसेंबरात ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेन संगीत समारोहात रात्रीच्या सभेला बसणाऱ्या काकांसाठी मी डोळे झाकून मेरिनो निवडते. दव पडतं, आलाप रंगत जातो, आणि काका उठायचं नाव घेत नाहीत. तिथे ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम धागा, कमी पडतं.

विणतानाही मेरिनोची एक मजा आहे. गुंडा संपला की गाठ मारायची नाही. जुन्या आणि नव्या धाग्याची टोकं बोटभर उसवायची, पीळ मोकळा करायचा, एकमेकांवर ठेवून पाण्याने ओली करायची आणि तळहातांत जोरात घासायची. तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मिनिटभरात धागा अखंड होतो. जोड कुठे होता ते नंतर मलाही सापडत नाही. ॲक्रिलिकमध्ये हे होत नाही. मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेल्या 'सुपरवॉश' मेरिनोतही नाही, कारण तिचे खवलेच निकामी केलेले असतात.

पण याच खवल्यांमुळे साधी मेरिनो गरम पाण्यात घुसळली की आटून नमदा, म्हणजे घट्ट जाड थर होते. घरी कपडे सरसकट मशीनमध्ये जात असतील तर ती नको. थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि खाटेवर पसरून वाळवायचं. धुक्याच्या आठवड्यात ती वाळता वाळत नाही, हेही खरं. शिवाय कसर लागते. आणि किंमत ॲक्रिलिकच्या कितीतरी पट.

ॲक्रिलिकला नाकं मुरडणारे बरेच भेटतात. मी त्यांच्यातली नाही. शाळेत जाणाऱ्या मुलाचा स्वेटर रोज मातीत लोळतो, आठवड्याला धुतला जातो आणि पुढच्या वर्षी आखूड होतो. तिथे मेरिनो घालणं म्हणजे पैसे वाया. ॲक्रिलिक पाणी फारसं धरत नाही, म्हणून झटकन वाळतं. लुधियानाचा माल रंगांतही भरपूर मिळतो. पहिलाच स्वेटर विणणार असाल तर हेच घ्या, फिकट रंगात, म्हणजे टाके दिसतात. सुया ८ नंबरच्या, म्हणजे ४ मिलिमीटरच्या. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते, हे ध्यानात असू द्या.

मात्र दोन गोष्टी सांभाळा. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री दाबून फिरवली की पट्टी कायमची मरते, पुन्हा आवळत नाही. आणि शेकोटी! रस्त्याकडेला अलाव पेटवून बसणारे, शेगडीला चिकटून बसणारी आजी, यांना ॲक्रिलिक नको. ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर सहसा भडकत नाही, जळत जाऊन विझते. लेबल नसलेला गुंडा ओळखायचाही हाच उपाय: छोटा तुकडा चिमट्यात धरून पेटवा. केस जळल्याचा वास आणि चुरगळणारी राख आली तर लोकर, काळा टणक मणी झाला तर ॲक्रिलिक.

मिश्र धाग्याबद्दल थोडक्यात. लेबलवर लोकर २० टक्के असेल तर ते ॲक्रिलिकच समजा. निम्मी असेल तर रोज ऑफिसला घालायला छान. मोज्यांसाठी मात्र ७५ टक्के लोकर आणि २५ टक्के नायलॉन याला तोड नाही. टाच लवकर विरत नाही.

सूत? जेसी मिल या जुन्या कापडगिरणीच्या गावात राहून सुताच्या विरुद्ध बोलणं जिवावर येतं. पण सुताचा स्वेटर जड होतो, त्याला लवचीकपणा नसतो, महिन्याभरात खालची पट्टी लोंबते. फेब्रुवारी सरताना घालायला ठीक, जानेवारीसाठी नाही.

काहीही निवडलंत तरी आधी १० सेंटिमीटरचा चौकोन विणा आणि धुऊन बघा. सुपरवॉश तर धुतल्यावर हमखास सैलावते. मोठ्या माणसाच्या बिनबाह्यांच्या स्वेटरला साधारण ३०० ग्रॅम लागते, पूर्ण बाह्यांच्या स्वेटरला ५०० ते ६००. सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे, म्हणजे एकाच वेळी रंगवलेले घ्या आणि एक जास्तीचा. ग्वाल्हेरचा व्यापार मेळा भरायची वाट पाहू नका, तोवर अर्धी थंडी सरलेली असते आणि त्या लॉटचा रंग दुकानातून गेलेला असतो.