स्टारचा तक्ता की घरची गोष्ट: लहानग्यांना देवाची माया सांगताना

चार ते आठ वर्षांच्या मुलाला देवाच्या प्रीतीविषयी शिकवायचं म्हटलं की आपल्या बेळगावकडच्या ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, साधारण दोन वाटा दिसतात. एक शब्बाथशाळेची: दर रविवारी सोनेरी वचन, म्हणजे पाठ करायची बायबलमधली एक ओळ, पाठ झालं की भिंतीवरच्या तक्त्यात नावापुढं स्टार, नाताळात बक्षीस. दुसरी घरची: रात्री जेवणं झाली की पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, एक गोष्ट, आपल्याच शब्दांत. मी मोठ्याला पहिल्या वाटेनं नेलं आणि धाकटीच्या वेळी दुसरीकडं वळलो. मोबाईलवरची कार्टूनं यात धरत नाही. ती लावून देऊन आपण उठून जातो.

पाठांतराची बाजू हलकी नाही, म्हणून आधी तीच सांगतो. माझ्या आजीला शेवटच्या वर्षी आमची नावं आठवेनात, पण तेविसावं स्तोत्र कुणी सुरू करून दिलं की ती शेवटच्या ओळीपर्यंत न अडखळता म्हणायची. लहानपणी जिभेवर बसलेलं असं टिकतं. शिवाय शब्बाथशाळेत बरोबरीची पोरं भेटतात, शिकवणाऱ्या ताई तयारी करून येतात. घरी तसं नसतं. दुकान बंद करायला उशीर झाला की गोष्ट राहते, दोन दिवस राहिली की आठवडा जातो.

भाषेचा प्रश्न मात्र आपल्या सीमाभागात जरा वेगळाच. घरात मराठी, शाळेत कन्नड नाहीतर इंग्रजी, गल्लीत सगळंच. कन्नड माध्यमातलं पोर देवनागरी अक्षर जुळवत वचन वाचतं, तोवर अर्थ निसटलेला असतो. गंमत म्हणजे 'देवाने जगावर एवढी प्रीती केली' यातला 'प्रीती' माझ्या मोठ्याला कन्नडमधून कळला. कन्नड शास्त्रातही योहान ३:१६ मध्ये हाच शब्द आहे, आणि तिकडं तो रोजच्या बोलण्यातला. आपण मराठीत घरी प्रीती म्हणतच नाही. आजी माया करते, मामा जीव लावतो. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी उतारवयातली वर्षं घातली, ती याच अडचणीपायी. छापील वचनातला शब्द बदलता येत नाही, बदलूही नये. गोष्ट सांगताना मात्र मला 'माया' म्हणता येतं.

चित्रांचंही तसंच. सुगी संपली की निपाणी-चिकोडीकडं शेतात धनगर मेंढरं बसवतात. खांद्यावर घोंगडं, काखेत कालच जन्मलेलं कोकरू. धाकटीनं हे आजोळी पाहिलंय. लूक १५ मधली शंभरातलं एक मेंढरू हरवल्याची गोष्ट सांगितली तेव्हा तिनं पहिलं विचारलं, "मग बाकीची नव्व्याण्णव कोण राखतंय?" या प्रश्नावर आमची अख्खी संध्याकाळ गेली.

एवढं असूनही मी बहुतेक दोन्ही वाटा धरून राहिलो असतो. मन उठलं ते त्या तक्त्यामुळं.

जुलैची गोष्ट. पाऊस धरून बसला होता. धाकटी सहा वर्षांची, तापामुळं तीन रविवार गेली नाही. चौथ्या रविवारी गेली तर नावापुढची तीन घरं रिकामी, आणि वरच्या मुलाची ओळ सोनेरी चमकत होती. तिला कुणी काही बोललं नाही. ताई खरंच मायाळू आहेत. येताना स्कूटरवर पुढं उभी राहून ती गप्प होती. रात्री पांघरुणातून आवाज आला, "पप्पा, स्टार नसले की देव माया करत नाही काय?"

मी म्हटलं, तसं नाही गं. तिला पटलं नाही. भिंतीवर चिकटवलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. १ योहान ४:१९ सांगतं की देवानं आधी प्रीती केली. रोमकरांस ५:८ सांगतं की आपण पापी होतो तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. हे आपण तोंडानं शिकवतो आणि हातानं स्टार चिकटवतो. मोठ्या माणसाला या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात, सहा वर्षांच्या पोराला नाही. सगळ्याच मुलांचं असं होतं असं मी म्हणणार नाही. माझ्या मोठ्याला स्टार फार आवडायचे. पण त्याला ते सगळे मिळत होते.

त्याच आठवड्यात लूक १५ मधलीच दुसरी गोष्ट घेतली, दहा नाण्यांची: एक नाणं हरवतं आणि बाई दिवा लावून, घर झाडून ते शोधते. रुपयाची दहा नाणी डबीत घातली, एक गुपचूप तांदळाच्या पिंपामागं टाकलं. दिवे घालवले, पणती लावली, तिच्या हातात केरसुणी दिली. पाचदहा मिनिटं ती वाकून झाडत होती, मध्येच रडकुंडीला आली. शेवटी फरशीवर खण्ण आवाज झाला आणि ती ओरडली, "गावलं!"

मी विचारलं, "सापडायला नाण्यानं काय केलं?"

थोडा वेळ ती नाणं तळहातावर घेऊन बघत राहिली. "काहीच नाही. ते नुसतं पडलं होतं."

"मग तू का शोधलंस?"

"आपलं होतं की."

स्टारचा विषय तिनं नंतर काढला नाही.

तुमच्या घरी पोर धीट असेल, पाठांतरात रमत असेल, तर शब्बाथशाळेची वाट खुशाल धरा. आठव्या-नवव्या वर्षापासून तर वचनं पाठ व्हायलाच हवीत असं माझंही मत आहे. धाकटी अजून जाते, तिथली गाणी घरी म्हणत फिरते. पण त्याआधीच्या वयाला, आणि मागं राहणाऱ्या मुलाला, माझ्या अनुभवानं घरची गोष्ट जास्त मानवते. मुलांचं पुस्तक विकत घेणार असाल तर आधी शेवटची पानं उघडून बघा. स्टारची घरं असतील तर तेवढी पानं काढून ठेवा. आणि नाण्याची गोष्ट करणार असाल तर नाणं खरंच सापडायला अवघड जाईल असं टाका. समोर दिसलं तर सगळं दोन मिनिटांत उरकतं, आणि पोराला काही हरवल्याचं वाटतच नाही.