.२०४ रुगर कायोटीसाठी : सात महिने वापरून झाल्यावर

कायोटीच्या शिकारीसाठी घेतलेली .२०४ रुगर काडतुसाची रायफल घरी आणली त्याच रात्री कळलं की माझ्याकडची साफ करायची सळई तिच्या नळीत जातच नाही. सळई .२२ ची, नळी .२०४ ची (हे आकडे इंचातले, नळीच्या मापाचे), फरक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा पण अडकली ती अडकलीच. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो तर वीस कॅलिबरची, म्हणजे .२०४ च्या मापाची, सळईही नाही आणि ब्रशही नाही, शेवटी ऑनलाइन मागवली. तेव्हाच समजायला हवं होतं की आपण जरा आडवाटेचं काडतूस घेतलंय, पण तेव्हा मी नव्या नवऱ्यासारखा खुशीत होतो.

आधी थोडं माझं. मी अमेरिकेत कॅन्ससमधल्या विचिटाला राहतो, मूळचा कुडाळकडचा. आजोबांकडे शेतीसंरक्षणाच्या लायसनवरची ठासणीची बंदूक होती, डुकरं भातात उतरली की एक बार काढायचे, आणि इलेक्शन आलं की ती पोलीस स्टेशनला जमा करून यायचे. त्यामुळे बंदुकीचं अप्रूप नव्हतं, पण ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप), ट्विस्ट (नळीतल्या खाचांचा पीळ), ड्रॉप (लांब जाताना गोळी किती खाली पडते) हे शब्द इथे येऊन शिकलो. इथून तासाभरावर फ्लिंट हिल्सच्या गवताळ टेकड्यांत ओळखीच्या एकाचं गुरांचं रँच आहे, फेब्रुवारीत त्याच्या गाई व्यायला लागतात आणि कायोटी गोठणाभोवती घिरट्या घालतात. सगळेच कायोटी वासरं मारत नाहीत हे तो स्वतःच सांगतो, बहुतेक उंदरांवर आणि सशांवर जगतात, पण व्यायलेल्या गाईजवळ पडलेली वार खायला आलेला एखादा अशक्त वासरावर पण हात मारतो. त्याने मला यायला सांगितलं. कायोटी म्हणजे आपला कोल्हा नव्हे हां, त्याचा अमेरिकन चुलतभाऊ म्हणा, दिसायला लांडग्याकडे झुकणारा, वजन इथे साधारण दहा ते पंधरा किलो. हे वजन लक्षात ठेवा, सगळा खेळ त्यावर आहे.

कायद्याचं पटकन सांगतो कारण आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. कॅन्ससमध्ये कायोटीची शिकार वर्षभर चालते, संख्येची मर्यादा नाही, पण हंटिंग लायसन लागतं आणि १ जुलै १९५७ ला किंवा त्यानंतर जन्म असेल तर हंटर एज्युकेशनचा कोर्स पण. एच-वन सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक बाळगायलाच बंदी आहे, त्यातून सुटका देणाऱ्या अपवादांपैकी एक म्हणजे चालू हंटिंग लायसन, त्यामुळे आधी लायसन मग दुकान, उलटं करू नका. ग्रीनकार्डवाल्यांना ही भानगड नाही.

आता काडतूस. रिमफायर (बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारी छोटी काडतुसं) मी सुरुवातीलाच बाद केली. .१७ एचएमआर गोड आहे, आवाज कमी, स्वस्त, पण १७ ग्रेनची गोळी, म्हणजे एक ग्रॅमच्या थोडी वर, आणि नळीच्या तोंडाशीच जोर २४५ फूट-पाउंड. साठ यार्डावर नेम अचूक असेल तर कायोटी मरतो, पण दीडशेवर तीच गोळी मारून जखमी जनावर झुडपात घालवणं मला पटत नाही. दुसऱ्या टोकाला .२४३, ती हरणाची रायफल, कायोटीच्या कातड्याची चाळण करते. मग उरले तीन : .२२३, .२२-२५० आणि .२०४. .२२-२५० जबरदस्त आहे, ५५ ग्रेनची गोळी ३६८० फूट सेकंदाला, इथल्या जुन्या शिकाऱ्यांचं लाडकं, पण दारू जास्त जळते, नळी लवकर तापते, आवाज दणदणीत. .२२३ सगळ्यांकडे असते म्हणून कंटाळवाणी वाटली (हे वाक्य जपून ठेवा, पुढे मलाच गिळावं लागणार आहे). आणि .२०४ च्या डब्यावर लिहिलेलं ४२२५ फूट प्रति सेकंद, ३२ ग्रेनच्या गोळीला. खोटं कशाला बोलू, त्या आकड्यालाच भुललो.

हे काडतूस हॉर्नडी (काडतुसं बनवणारी कंपनी) आणि रुगर (बंदुका बनवणारी) यांनी मिळून २००४ मध्ये आणलं, .२२२ रेमिंग्टन मॅग्नम या जुन्या काडतुसाचं पितळी टरफल घेऊन त्याची मान आवळून. बुडाचा व्यास .२२३ चाच, त्यामुळे बोल्टही (काडतूस आत ढकलून नळी बंद करणारा दांडा) तसाच.

वापरताना पहिली गोष्ट जाणवली ती म्हणजे धक्का नाहीच. माझ्या साडेआठ पाउंडांच्या रायफलीत चाप ओढल्यावर पण कायोटी स्कोपमधून (वरच्या दुर्बिणीतून) सुटत नाही, गोळी कुठे लागली ते स्वतःच्या डोळ्याने दिसतं. ज्याने .३०८ वगैरे दणका देणारी रायफल चालवलीय त्याला याची किंमत कळेल. चुकलो तर कुठे चुकलो हे लगेच कळतं आणि दुसरा बार सुधारून टाकता येतो. दुसरं म्हणजे सरळपणा. दोनशे यार्डावर नेम बसवला की शंभरावर गोळी एक इंच सुद्धा वर जात नाही आणि तीनशेवर चार-पाच इंच खाली, म्हणजे अडीचशेपर्यंत डोकं न लावता छातीवर धरा आणि ओढा. .२२३ तीनशेवर सहा-सात इंच पडते.

पण खरं सांगू, मी तीनशेवर मारलेच किती? शून्य. सात महिन्यांत अकरा पाडले, त्यातला सगळ्यात लांबचा दोनशे दहा यार्डावर, बाकीचे साठ ते दीडशेच्या आत. कारण मी कॉलर (जनावरांचे आवाज काढणारं यंत्र) लावून बसतो, सशाच्या किंकाळीचा आवाज सोडतो, आणि कायोटी स्वतःच चालत येतो, वाऱ्याच्या खालच्या अंगाला वळसा घालून वास घेत घेत. तिथेच दबा धरून बसायचं. पळता पळता येत असेल तर इथले लोक तोंडाने भुंकून त्याला थांबवतात, मला ते जमत नाही, मी आपला "हाड!" म्हणून ओरडतो आणि तो थबकून बघतो. गावच्या कुत्र्यांइतकंच त्यालाही कळतं बहुतेक.

आता गोळीचं वजन, इथे नीट वाचा. सुरुवातीला ३२ ग्रेनचीच वापरली. बाजूने उभा, फुप्फुसात लागली तर जागीच बसतो, आत जाताना बारीकसं भोक, बाहेर यायचं भोक बहुधा नाहीच, कातडं शाबूत. पण डिसेंबरात एकजण समोरून तिरपा उभा होता, खांद्याच्या हाडावर लागली आणि गोळी तिथेच फुटली, वरच्यावर मोठी जखम, आत काही नाही. तो पळाला. अर्धा तास शोधला, ओढ्याकाठी सापडला, दुसरी गोळी घालावी लागली. त्या दिवशी घरी जाताना गाडीत रेडिओ पण लावला नाही. ती गोळी छोट्या जनावरांसाठी बनवलेली, पातळ कवचाची, तिचा दोष नाही, दोष माझा. तेव्हापासून फक्त ४० ग्रेन, वेग ३९०० च्या आसपास, आणि तशी गडबड पुन्हा झाली नाही. एकदा एका ऑनलाइन दुकानाने ४० च्या जागी ३२ चे डबे पाठवले, परत करायला मला महिना लागला, तर डबा फोडायच्या आधी लेबल वाचा. माझ्या रायफलीत दोन्ही गोळ्या शंभर यार्डावर दीड इंच अंतराने पडतात, म्हणजे सरमिसळ केली की नेम गेला.

वारा. कॅन्ससमध्ये वारा नसलेला दिवस म्हणजे सणच. सगळे म्हणतात हलकी गोळी वाऱ्याने उडते, मी पण तेच धरून चाललो होतो, पण ४० ग्रेनची .२०४ ही ५५ ग्रेनच्या .२२३ पेक्षा कमी सरकते. कारण वारा किती ढकलतो ते नुसत्या वजनावर नसतं, गोळीचा आकार हवा किती सहज कापतो आणि ती किती लवकर पोचते यावर असतं. दोन्हीत ४० ग्रेनवाली पुढे. ३२ ची मात्र त्या मानाने बोथट, वेगावर सुरुवातीला निभावते आणि पुढे दम सोडते. .२२३ मध्ये पंचाहत्तर ग्रेनच्या आसपासची लांब गोळी आणि १:८ चा ट्विस्ट (आठ इंचांत एक पूर्ण पीळ) असेल तर चित्र बदलतं, ती वाऱ्यात छान टिकते, पण पडते जास्त.

आणि आता ते वाक्य गिळायची वेळ. मार्चमध्ये रँचवाल्याची .२२३ तीन शनिवार-रविवार उसनी घेतली. चार कायोटी, चारही जागच्या जागी, शंभर-सव्वाशे यार्डावर. मरणाऱ्या कायोटीला फरक कळला नसेल. फरक मला कळला, खिशात. .२२३ ची सरावाची काडतुसं कुठल्याही दुकानात मिळतात, किराणा आणि बंदूक एकत्र विकणाऱ्या गावच्या दुकानात पण, .२०४ च्या वीसच्या डब्याला मी तीस डॉलरच्या आसपास देतो आणि सरावाची स्वस्त काडतुसं असा प्रकारच जवळपास नाही. परिणाम काय, मी .२०४ ने सराव कमी करतो. .२२३ घेऊन एका दुपारी साठ बार टाकले, उभ्याने, बसून, काठीच्या टेकूवर. .२०४ ने साठ टाकायचे म्हणजे नव्वद डॉलर, हात आखडतोच. आणि नेम सरावाने येतो, डब्यावरच्या आकड्याने नाही, हे मला सातव्या महिन्यात कळलं.

नळीत गोळ्यांचं तांबं पण माझ्या अनुभवात लवकर साचतं, चाळीसेक बार झाले की गोळ्या पसरायला लागतात, मग सॉल्व्हंट (तांबं सोडवणारं द्रव) आणि ती बारीक सळई. कंटाळा असेल तर विचार करा.

तर कोणी पहिली रायफल घेत असेल आणि मला विचारलं तर मी .२२३ च सांगेन, १:९ नाहीतर १:८ ट्विस्टची. ५.५६ ची मिलिटरी काडतुसं .२२३ लिहिलेल्या नळीत घालू नका, दिसायला सारखी असली तरी दाब वेगळा. पहिली घरात असेल आणि दुसरी हवी असेल, उघड्या माळावर लांब मारायची असेल, किंवा कातडं जपायचं असेल तर .२०४ घ्या, फक्त ४० ग्रेनचे दहा डबे एकदमच घेऊन ठेवा. मी माझी विकणार नाहीये. तो धक्का न बसता कायोटी स्कोपमध्ये आडवा होताना दिसणं, त्याची सवय लागलीय.

थर्मल स्कोप (अंगाच्या उष्णतेवरून अंधारात जनावर दाखवणारी दुर्बीण) अजून घेतलेला नाही, रायफलीपेक्षा महाग आहे. इथे जानेवारी ते मार्च परमिट काढून रात्री चालतं, पुढच्या सीझनला जमलं तर रात्रीचा अनुभव वेगळा लिहीन.