गोळी तीच, देखरेख वेगळी

मुलाला नैराश्यावरची गोळी द्यायची की नाही, यावर घरोघरी खल होतो. गोळी सुरू झाल्यावर पहिले दोन महिने त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार, हे ठरवायचं राहून जातं. माझ्या मते ते आधी ठरवावं.

नैराश्य सौम्य असेल तर बहुधा आधी समुपदेशन करून बघतात. मध्यम किंवा तीव्र असेल तर गोळीचा उपयोग होतो. 2004 साली अमेरिकेत 12 ते 17 वयाच्या 439 मुलांवर अभ्यास झाला. बारा आठवड्यांनी फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी आणि विचार-वर्तन उपचारपद्धती (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारं समुपदेशन) दोन्ही मिळालेल्यांपैकी 71 टक्के मुलं सुधारली, नुसत्या गोळीवर 61 टक्के. पण ही सगळी मुलं नियमित तपासली जात होती!

आता दोन रस्ते बघा. पहिला : महिन्याच्या गोळ्या घ्या, संपल्या की या. दुसरा : पहिला महिना दर आठवड्याला भेट, मग पंधरा दिवसांनी.

फरक पडतो तो सुरुवातीलाच. मन हलकं व्हायला चार-सहा आठवडे लागतात, अस्वस्थता मात्र काही दिवसांतही येऊ शकते. झोप उडते, एका जागी बसवत नाही, चिडचिड वाढते. घरच्यांना वाटतं, वयच तसं आहे. दुसऱ्या रस्त्यावर डॉक्टर हे वेळीच बघून डोस बदलतात, किंवा हा द्विध्रुवीय आजार (कधी उदासी, कधी अतिउत्साह) तर नाही ना, हे तपासतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2004 मध्ये 24 चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा आत्महत्येचे विचार किंवा तसं वर्तन गोळी घेणाऱ्यांत सुमारे 4 टक्के आणि खोटी (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांत 2 टक्के आढळलं. त्या चाचण्यांत एकही आत्महत्या झाली नाही, हेही लक्षात ठेवा.

पहिल्या रस्त्यावर बरं वाटलं की मूल आपणहून गोळी सोडतं. मग चक्कर, मळमळ, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. दुसऱ्यावर बरं वाटल्यानंतरही सहा ते बारा महिने औषध चालू ठेवून हळूहळू कमी करतात.

दुसरा रस्ता दमवतो, हे खरं. रजा काढाव्या लागतात, मूल कंटाळतं. मधल्या काही भेटी फोनवर होऊ शकतात. मानसोपचारतज्ज्ञांऐवजी नेहमीचे डॉक्टर इतकं लक्ष देणार असतील तर तेही चालतील. चिठ्ठी घेण्याआधी त्यांना विचारा : पहिल्या महिन्यात किती वेळा बघाल? रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा? गोळ्या मोठ्यांच्या ताब्यात ठेवा, आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोललं तर पुढच्या भेटीची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.