चष्मा की टेबलावरचा फोन?

रात्रीची जेवणं आटोपली की लॅपटॉप उघडायचा आणि दिवसभरातल्या पेशंटच्या नोट्स पुऱ्या करत बसायचं. अमेरिकेत फॅमिली प्रॅक्टिस करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाच हे नवं नाही. २०१६ च्या एका अभ्यासात, पेशंटसोबतच्या दर तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास संगणकात आणि कागदपत्रांत जातात असं दिसलं होतं. माणूस दमतो तो या दोन तासांत.

न्यू जर्सीतल्या क्लिनिकमध्ये मी दोन्ही उपाय करून पाहिले. आधी सहा महिने स्मार्ट चष्मा: दूर बसलेला स्क्राइब कॅमेऱ्यातून बघत-ऐकत नोट लिहितो, जुने रिपोर्ट भिंगाच्या कोपऱ्यात दिसतात. आता वर्षभर फोन: पेशंटची परवानगी घेऊन टेबलावर ठेवायचा, बोलणं ऐकून नोटचा मसुदा सॉफ्टवेअर करतं.

तपासताना चष्मा खरंच सोयीचा. कोणता गुडघा सुजलाय, पुरळ कुठवर आलंय, हे स्क्राइबला दिसतंच.

मला खटकलं ते वेगळंच. सत्तरीच्या एक आजी, डॉक्टर मराठी बोलतोय म्हणून खुललेल्या. सूनबाई बाहेर गेल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगायचं होतं, खोकला आला की..." तेवढ्यात भिंगात एक ओळ उमटली आणि माझी नजर क्षणभर वर उजवीकडे गेली. आजींनी शाल सावरली. "राहू दे, काही नाही." मी चष्मा काढून ठेवला, पुन्हा विचारलं, पण त्या दिवशी ते वाक्य पुरं झालं नाही. खोकताना लघवी सुटते, हे पुढच्या भेटीत कळलं. दोन वर्षं त्या सोसत होत्या. त्यानंतर माझी नजर हलली की समोरचा थबकतो, हे मला रोज दिसायला लागलं. इतरांना कदाचित सवय होत असेल. मला झाली नाही.

फोनलाही जपावं लागतं. लेकीचा मधुमेह एकदा आईच्या नोटमध्ये आला होता, त्यामुळे सहीआधी ओळ न् ओळ वाचतो. मराठी-इंग्रजी मिसळलं की औषधांची नावं तर दोनदा बघतो. तपासणीही मोठ्यानं बोलावी लागते: "काकू, उजव्या गुडघ्यात पाणी झालंय, डावा ठीक आहे." काकूंना मात्र ते आवडतं. आणि बहुतेक दिवस नोट्स क्लिनिकमध्येच संपतात.

सर्जन किंवा वॉर्ड सांभाळणाऱ्या मंडळींचं गणित निराळं असू शकेल. कोविडमध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलात एकच डॉक्टर होलोलेन्स हा मायक्रोसॉफ्टचा स्मार्ट चष्मा घालून वॉर्डात जायचा आणि बाकीची टीम बाहेरून पाहायची. तिथे त्याचा उपयोग होता. पण गूगलने आपल्या 'ग्लास' या स्मार्ट चष्म्याची विक्री २०२३ मध्ये थांबवली, होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मध्ये बंद झालं. तेव्हा कुठलाही चष्मा घेताना सपोर्ट किती वर्षं मिळेल, हे आधी विचारा.

तुमचं काम माझ्यासारखं मुख्यतः ऐकण्याचं असेल, तर दोन आठवडे आधी फोन वापरून बघा. आणि तो पालथा ठेवा, म्हणजे स्क्रीन उजळली तरी नजर तिकडे जात नाही.