मांजराचा वास की घाबरलेल्या उंदराचा?

रत्नागिरीकडच्या आमच्या घरी भाताची कणगी आणि माळ्यावरचे नारळ, दोन्हींवर उंदरांचा डोळा. जुना उपाय मांजराचा. मांजरीच्या लाळेतलं प्रथिन उंदीर नाकातल्या व्होमेरोनेझल इंद्रियाने ओळखतो. प्रयोगशाळेत जन्मलेला, मांजर कधी न पाहिलेला उंदीरसुद्धा त्या वासाने दबकतो.

दुसरा वास भाऊबंदांचा. घाबरलेला उंदीर हवेत रसायन सोडतो. छोट्या जातीच्या उंदरांना ते नाकाच्या टोकाजवळच्या ग्र्युनबर्ग गँग्लियन या चेतापेशींच्या पुंजक्यामुळे कळतं, हे २००८ मध्ये दिसलं. मोठ्या जातीच्या उंदरांत २०१४ मध्ये दोन रेणू सापडले, हेक्झानल आणि ४-मिथाइलपेंटानल. गंमत अशी की एकटा रेणू पुरत नाही, जोडीच लागते. मग उंदीर उघड्यावर यायला कचरतो, अचानक आवाज झाला तर जास्त दचकतो. मिडाझोलाम हे चिंताशामक औषध दिलं की दचकणं ओसरतं. म्हणजे ही धास्ती आपल्या धास्तीची जवळची नातलगच.

उंदीर दूर ठेवायला माझं मत मांजरीला. तरी भरवसा पुरता नको, टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण झालेल्या उंदराला तिच्या वासाचं भय कमी वाटतं. पिंजऱ्याचं म्हणाल तर, उंदीर सापडला की त्याचा घाबरल्याचा वास जावा म्हणून आई पिंजरा राखेने घासून दिवसभर उन्हात ठेवते.