संजय गांधीचे अडीच हजार, शिबिरातली खुर्ची आणि पाच टक्के निधी: वापरून पाहिल्यावर

आधी पैशाचं सांगते, सगळे तेच विचारतात. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना आता महिन्याला २५०० रुपये मिळतात. ऑक्टोबर २०२५ च्या आधी १५०० होते. माझ्या दादाने दोन्ही रकमा घेतल्यात. १५०० मध्ये लघवीच्या नळ्या, पिशव्या आणि डायपर निघायचे, तेही ताणून ताणून. आता ड्रेसिंगचं सामानही त्यात बसतं. किराणा मात्र वहिनीच्या मजुरीवरच.

दादा चिंचा झोडपताना झाडावरून पडला. कमरेखाली संवेदना नाही. ऑपरेशन महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं, दवाखान्यात खिशातून काही गेलं नाही, ते नाकारणार नाही. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, निळं आलं. निळं म्हणजे दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त.

अनुदानातली ही हजाराची वाढ मिळायला मात्र फार वेळ लागला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ आहे. त्यात म्हटलंय की तशाच योजनेत इतरांना जे मिळतं त्यापेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्यायचं. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग काढला, देशात पहिला म्हणून गाजावाजाही झाला, पण अनुदान दिव्यांगांना आणि इतरांना सरसकट सारखंच राहिलं. जून २०२५ मध्ये बच्चू कडू मोझरीला उपोषणाला बसले तेव्हा मागणी सहा हजारांची होती. सप्टेंबरात मंत्रिमंडळाने हजार वाढवले. असो, हजार तर हजार.

खरी गोची उत्पन्नाच्या दाखल्याची. दिव्यांगासाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. वहिनी तीनशे रुपये रोजाने खुरपायला जाते. १६७ दिवस भरले की मर्यादा ओलांडली! घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असताना बाईने वर्षातून १६६ दिवसच कामाला जावं, असा हा हिशोब. तलाठ्यालाही हे कळतं, म्हणून दाखला मिळतो. पण दरवर्षी त्याच्या मेहरबानीवर राहायचं.

नवीन अर्ज करणाऱ्यांसाठी एक: पैसे आता थेट खात्यात येतात, पण अर्जात लिहिलेल्या खात्यात येतीलच असं नाही. आधार ज्या खात्याला डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी) जोडलंय तिथेच जातात. आमचे आधीचे हप्ते दादाच्या जुन्या जनधन खात्यात पडून होते आणि आम्ही तहसीलला विचारत बसलो होतो. बँकेत जाऊन आधार कुठल्या खात्याला आहे ते आधी बघा. हप्ता दर महिन्याला येईलच हेही धरून चालू नका, कधी दोन एकदम येतात.

आता खुर्ची, म्हणजे व्हीलचेअर. दिव्यांगांना साहित्य वाटायच्या शिबिरात माप घेतलं, काही महिन्यांनी वाटप झालं, फुकट. घडी होते, हलकी आहे, सिमेंटच्या रस्त्यावर छान चालते. पण हाताचे दांडे निघत नाहीत. पाय न चालणारा माणूस खाटेवरून खुर्चीत येतो तो बाजूने सरकत. दांडा मध्ये आला की त्याला वरून उचलावं लागतं, आणि वहिनी एकटी साठ-पासष्ट किलो रोज दोनदा कसे उचलणार? शेवटी गावातल्या वेल्डरने डावा दांडा कापून खिळीवर बसवून दिला. बैठक नुसती रेक्झिनची. ज्याला बसल्याचं कळतच नाही त्याला त्यावर तासभर ठेवला की कातडी लाल होते, म्हणून गादी वेगळी घ्यावी लागली. पुढचं छोटं चाक अंगणातल्या मातीत रुततं. दुरुस्ती कुठे करायची, हे वाटपाच्या दिवशी कोणी बोललं नाही.

एसटीत ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही ५० टक्के. दादाला पायऱ्या चढवायला दोन माणसं लागतात, तेव्हा ही सवलत अजून वापरलेली नाही.

ग्रामपंचायतीला स्वउत्पन्नाच्या पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करावे लागतात. ऐकायला बरं वाटतं. समजा पंचायतीचं उत्पन्न चार लाख, तर झाले वीस हजार. गावात पंचवीस दिव्यांग असले तर माणशी ८००. मार्चअखेरीला ते खात्यावर टाकतात, फोटो निघतो.

माझी मुख्य तक्रार पुढची आहे. माणसाला रोख आहे, वस्तू आहे, पण उपचाराच्या सेवेला पैसा नाही. मणक्याच्या दुखापतीत पहिलं वर्ष-दीड वर्ष व्यायामाचं. जिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी मोफत आहे, पण दादाला न्यायला जीप करावी लागते आणि एका फेरीला बाराशे जातात, म्हणजे दोन फेऱ्यांत अनुदान संपलं. घरी येणारे फिजिओ तीनशे घेतात आणि तालुक्याच्या गावाबाहेर येत नाहीत. वहिनी मोबाईलवर व्हिडिओ बघून पायांचे व्यायाम करून घेते, दर दोन तासांनी त्याची कूस बदलून देते. हे काम ती करते म्हणून पाठीला जखम नाही. तिच्या या कामासाठी योजनेत वेगळी ओळ नाही.

म्हणून रोख रकमेला पाचपैकी तीन, खुर्चीला अडीच, पुनर्वसनाला शून्य देते, कारण आमच्यापर्यंत ते आलंच नाही. अर्ज मात्र जरूर करा. नळ्यांचा खर्च निघतो ही छोटी गोष्ट नाही.

यंदा ग्रामसभेत आम्ही लेखी दिलंय: ८०० रुपये वाटू नका, त्याच पैशांत महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट गावात आणा. लकवा झालेले, पोलिओचे, दादा, सगळ्यांना उपयोग. ग्रामसेवक म्हणाले, तशी तरतूद बसते का बघावं लागेल. बघणं चालू आहे.